नायकाची एन्ट्री आणि साक्षीदाराची तारीख

२०२५ च्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विहारात जयंतीच्या नियोजनाची बैठक होती. सात वाजताची बैठक सव्वाआठला सुरू झाली, कारण निम्मी पोरे सिनेमाला गेली होती. सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणारी ही पोरे. तिकीट, पार्किंग आणि पॉपकॉर्न मिळून प्रत्येकाची दिवसभराची मजुरी मल्टिप्लेक्सच्या गार हवेत उडाली होती. पण चेहरे फुललेले. आल्या आल्या एकाने दुसऱ्याची कॉलर धरली आणि आवाज जाड करून म्हणाला, "सॉरी बोल!" सगळे खो खो हसले. आम्हाला काही कळेना. मग समजले, मंडळी सनी देओलचा 'जाट' पाहून आली आहेत.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नायक आंध्रातल्या एका लहानशा खाणावळीत इडली खायला बसतो. गुंडांच्या दांडगाईत त्याची ताटली सांडते. तो म्हणतो, सॉरी म्हणा. ते म्हणत नाहीत. मग तो त्यांना बडवतो, त्यांच्या वरच्याला बडवतो, त्याच्याही वरच्याला बडवतो, आणि अशा रीतीने सॉरीचा अर्ज खालून वर सरकत थेट मुख्य खलनायकापर्यंत पोहोचतो. आमच्या वस्तीचा एकही अर्ज कोणत्याही कार्यालयात इतक्या वेगाने वर गेलेला आम्ही पाहिलेला नाही.

हसून सोडून द्यावे, तर ती इडली काही डोक्यातून जाईना. एका माणसाचा मान केवढा मोठा, हे सिनेमाने एका ताटलीवर मोजून दाखवले आणि थिएटरभर टाळ्या पडल्या. आता हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहा. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत, म्हणजे नाशिकपासून दोन तासांच्या वाटेवर, मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा जीव घेतला गेला. त्याने कोणाची ताटली सांडली नव्हती. कोणाकडे माफीही मागितली नव्हती. खिशातला फोन वाजला, एवढेच. त्याच्या मानाची गोष्ट सांगणारा मोठ्या खर्चाचा उन्हाळी सिनेमा अजून कोणी काढलेला आम्हाला माहीत नाही.

आणि तारखा पाहा. 'जाट' १० एप्रिलला लागला. दुसऱ्याच दिवशी, ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला 'फुले' लागायचा होता. तो लागला नाही. ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता, तिथे आकडा जाऊन मोघम 'कित्येक वर्षे' आली. अखेर २५ एप्रिलला चित्रपट लागला तेव्हा जयंतीचा माहोल ओसरून गेला होता. म्हणजे एकाच आठवड्यात जातीचे नाव पोस्टरवर ठळक छापून एक सिनेमा धो धो चालतो आणि जात कशी राबवली गेली हे सांगणारा दुसरा दाराबाहेर थांबतो. जातीचा अभिमान चालतो, जातीचा इतिहास चालत नाही. (जाट शेतकऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे, हे इथे सांगितले पाहिजे. पंजाब-हरियाणा-उत्तर प्रदेशच्या शेतकऱ्यांनी दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसून तीन कायदे मागे घ्यायला लावले. त्यात ते होते. आणि तिथे कोणी एकटा पंखा उखडून मारत नव्हता.)

हे सगळे आम्ही बैठकीत बोलून बसलो. अध्यक्ष घड्याळ पाहू लागले, वर्गणीचा विषय राहिला होता. तेवढ्यात कॉलर धरणारा तोच पोरगा उठला. अंबडला एका कंपनीत प्रेसवर काम करतो, दोन बोटांची टोके गेलेली आहेत. म्हणाला, "दादा, एक सांगू का? आपल्यावर जे चांगले चांगले पिक्चर काढतात ना, त्यात आपण नुसता मार खातो. शेवटी झाडाला लटकतो, नाहीतर रेल्वेखाली जातो. बाहेर पडल्यावर जेवण जात नाही. इथं निदान कोणीतरी उलटा मारतो. तीन तास बरं वाटतं. त्यातबी तुमचा क्लास?"

आमची समाजशास्त्राची एम. ए.ची पदवी त्या क्षणी काही कामाला आली नाही. कारण पोरगा बरोबर बोलत होता. अन्यायाचे दर्शन घडवणारे कितीतरी संवेदनशील चित्रपट आपल्याला फक्त प्रेत म्हणून ओळखतात. पुरस्कार घेणारे हात वेगळे, पडद्यावर पडलेले शरीर आपले. ते पाहून ज्याला पाहायचे त्याला पाझर फुटतो, पण वस्तीतल्या पोराने त्यातून काय न्यावे? त्याला उलटा मारणारा हवा असेल तर त्यात चूक काय?

शिट्ट्या आम्हीही मारल्या आहेत. जून २०१८ मध्ये पा. रंजीतचा 'काला' हिंदीत लागला तेव्हा पहिल्याच दिवशी आम्ही सहाजण गेलो होतो. रजनीकांत, मारामाऱ्या, छत्री घेऊन पुलावरचे ते भांडण, सगळा मसाला. पण त्यात एक गोष्ट निराळी होती. धारावीची जमीन गिळायला निघालेला नाना पाटेकरांचा हरिदादा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, शुचितेचा जणू पुतळा. आणि त्याच्याशी लढताना धारावी काम बंद करते. टॅक्सीवाला, झाडूवाला, घरकामाची बाई घरी बसते आणि मुंबई ठप्प होते. शेवटी तर काला एकटा उरतच नाही, वस्तीतला जो तो काला होतो. त्या शेवटाला आम्ही खुर्चीवर उभे राहिलो होतो, मागच्या रांगेतल्यांनी शिव्या दिल्या.

आता २०२५ च्या पाडव्याला लागलेला 'सिकंदर' घ्या. तिथेही धारावी आहे. पण तिथे राजकोटचा राजा येतो. राजाच, खरोखरचा, राजवाड्यातला. त्याच्या मृत पत्नीचे अवयव ज्यांना मिळाले त्यांना शोधत तो मुंबईत येतो, त्यातला एक धारावीचा पोरगा. राजा त्या पोराचे रक्षण करतो, वस्तीवर उपकार करतो, वस्ती कृतज्ञ होते. सात वर्षांत तीच धारावी कुठून कुठे आली पाहा. जी काम बंद करून शहर थांबवत होती, ती आता राजासाहेबांकडे डोळे लावून बसली. मारामारीला आमचा विरोध नाही. मारामारी चालू असताना आपण पडद्यावर कुठे उभे आहोत, एवढेच आम्ही विचारतो. बहुतेक वेळा आपण मागे असतो. धुळीत, रांगेत, हात जोडून. नायक चालत येतो तेव्हा त्याला वाट करून देणारी जी माणसे दुभंगतात, ती आपण.

हे सर्वांत मोठ्या प्रमाणावर ज्या सिनेमाने केले तो नेमका १४ एप्रिललाच आला होता. २०२२ साली 'केजीएफ'चा दुसरा भाग जयंतीच्या दिवशी प्रदर्शित झाला. दोन वर्षे कोरोनात गेल्यानंतरची ती पहिली मोकळी जयंती. सकाळी वंदना, दुपारी शो, संध्याकाळी मिरवणूक, असा आमच्या कित्येक पोरांचा कार्यक्रम होता. डीजेवर भीमगीताच्या अधेमधे त्या सिनेमाचे पार्श्वसंगीत वाजत होते. पुढे महिनाभर बाबासाहेबांच्या फोटोमागे तेच संगीत लावलेल्या रील्स फिरत होत्या. आम्हीही फॉरवर्ड केल्या, खोटे कशाला बोला.

त्या सिनेमाची गोष्ट काय? सोन्याच्या खाणीत हजारो गुलाम राबतात. पहिल्या भागात नायक त्यांच्या मालकाला मारतो. गुलाम मुक्त होतात. दुसऱ्या भागात ते काय करतात? सोने काढतात. नायकासाठी. मालक बदलला, खाण तीच, फावडे तेच, फक्त आता ते खुशीने खणतात. गुलामांपैकी कोणी एक प्रश्न विचारत नाही की हे सोने कोणाचे. आणि आपण टाळ्या वाजवतो.

सिनेमातली खाण काल्पनिक आहे, पण केजीएफ, म्हणजे कोलार गोल्ड फिल्ड्स, खरे आहे. कर्नाटकातल्या त्या खाणीत खोल जमिनीखाली उतरणारे कामगार बहुसंख्येने तामिळ दलित होते. आणि हे आमच्या पोरांपैकी एकालाही माहीत नव्हते, आम्हालाही उशिरा कळले, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या कितीतरी आधी, पंडित अयोतीदासांच्या बौद्ध चळवळीची शाखा या खाणकामगारांनी तिथे उभी केली होती. दिवसभर दगड फोडून रात्री सभा घेणारी, वर्तमानपत्र चालवणारी ती माणसे. अयोतीदासांचे 'तमिळन' हे पत्र पुढे तिथूनच निघू लागले. २००१ साली खाण बंद पडली आणि मागे उरले ते मातीचे डोंगर. म्हणजे आपल्याच माणसांच्या जागेवर आपल्याच सणाच्या दिवशी असा सिनेमा लागला, ज्यात त्यांना ना नाव, ना धम्म, ना संघटना. फक्त घामाने चमकणाऱ्या पाठी. रंजीतने २०२४ मध्ये 'तंगलान' काढून त्या खाणीच्या मूळ माणसांची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. आमच्या बैठकीतल्या किती जणांनी तो पाहिला? एकानेही नाही.

इथपर्यंत आम्ही दुसऱ्यांच्या सिनेमाविषयी बोललो. आता आमच्या सिनेमाविषयी.

त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात जयंतीची मिरवणूक कोणत्या गल्लीतून न्यायची यावरून मारहाण झाली. गावाचे नाव लिहीत नाही, तिथे आजही आपली माणसे राहतात. निरोप आला तसे आम्ही निघालो. पंचवीस-तीस मोटारसायकली, निळे झेंडे, हेडलाइट चालू. पोलीस ठाण्यासमोर घोषणा दिल्या. रात्री दोन वाजता ॲट्रॉसिटीची कलमे लावून गुन्हा नोंदवला गेला. परतताना कोणीतरी व्हिडिओ केला. ओळीने येणाऱ्या गाड्या, संथ गतीने, आणि मागे तेच संगीत. अगदी नायकाची एन्ट्री. हजारो लोकांनी पाहिला. आम्हाला स्वतःलाही तो पाहताना अंगावर काटा आला होता.

नंतर काय झाले ते कोणत्याही व्हिडिओत नाही.

प्रत्यक्ष मारहाण पाहणारी एक मावशी होती. साठीच्या घरातली, विधवा, दुसऱ्याच्या द्राक्षबागेत आणि कांद्याच्या रानात मजुरीला जाणारी. जबाब तिने न अडखळता दिला. पण ज्यांच्या बागेत ती जायची ते आरोपीच्या भाऊबंदांपैकी. छाटणीला तिला बोलावणे बंद झाले. मग कांदा काढणीलाही. किराणा दुकानात उधारी बंद. कोर्टाची पहिली तारीख लागली, ती एसटीने आली, दिवसभर बाकावर बसली, तारीख पुढे गेली. दुसऱ्यांदा आली, आरोपीचा वकील आला नाही. तिसऱ्यांदा आली, आणखी काहीतरी. प्रत्येक वेळी जाण्यायेण्याचे भाडे तिचे, बुडालेला रोज तिचा. आरोपीकडची मंडळी मात्र दर तारखेला दहा-बारा जणांनी समोरच्या बाकावर येऊन बसत. बोलत काही नसत. नुसती बसत.

चौथ्या वेळी तिने सांगितले, मला काही दिसले नाही. फितूर. पुढे सगळे निर्दोष सुटले.

आम्ही चिडलो. बाई विकली गेली असेही कोणी म्हणाले, आम्ही त्याला गप्प केले नाही. महिनाभराने दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेलो तेव्हा मावशी भेटली. ओट्यावर बसवले, पाणी दिले. आम्ही विषय काढला नाही, तिनेच काढला. "त्या दिशी लई जण आलते तुम्ही. गाड्याच गाड्या. तारखेला कोणी नव्हतं रे बाळा." एवढेच बोलली आणि चहा टाकायला आत गेली.

आता लाज वाटण्याची गोष्ट सांगतो. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत साक्षीदाराला प्रवासखर्च आणि किमान वेतनापेक्षा कमी नाही एवढा रोजचा भत्ता मिळण्याची स्पष्ट तरतूद आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ तर पीडित आणि साक्षीदाराच्या संरक्षणाविषयीच आहे. हे आम्हाला ठाऊक होते. शिबिरात आम्ही हेच शिकवतो, फळ्यावर लिहून. पण त्या मावशीसाठी एक साधा अर्ज आमच्यापैकी कोणी केला नाही. पंचवीस-तीस गाड्यांपैकी एक गाडी तारखेला तिच्या दारात गेली असती तरी समोरच्या बाकावर बसलेल्यांना उत्तर मिळाले असते. अर्ज लिहायला दहा मिनिटे लागतात. त्याला पार्श्वसंगीत नसते, म्हणून तो राहून गेला.

सिनेमा पाहून आपली पोरे दंगेखोर होतात वगैरे तक्रार आमची अजिबात नाही. ती तक्रार करणारे वेगळे, ते जयंतीच्या डीजेवरही लेख लिहितात आणि बाकीच्या मिरवणुकांत कानात बोळे घालतात. आमची तक्रार अशी की हे सिनेमे आपल्याला वेळेचा चुकीचा अंदाज शिकवतात. अन्याय झाला, नायक आला, हिशेब मिटला, दिवे लागले. प्रत्यक्षात गुन्हा नोंदवला जातो तेव्हा आपली गोष्ट सुरू होते, आणि आपण नेमके तेव्हाच घरी जातो. आपल्या पुढाऱ्यांचे फलकही त्याच चालीचे. ढाण्या वाघ, किंग, एकच साहेब. गॉगल, मागे आग, खाली पन्नास पोरांचे टिकलीएवढे फोटो. बाबासाहेबांचा फोटो वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या मापाचा.

आमच्या नाशिकला तर याची उत्तम शाळा आहे. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे आणि शेजारीच बुद्धस्मारक. रविवारी पोरांना घेऊन आम्ही लेण्यांवर जातो, उतरताना दोन्हीकडे डोकावतो. नाशिकला दोन दादासाहेब होऊन गेले, हे पोरांना तिथेच सांगायला बरे पडते. एक त्र्यंबकचे फाळके. 'राजा हरिश्चंद्र' त्यांचा, मे १९१३ मधला, म्हणजे या देशाचा पहिला मोठा चित्रपटही उन्हाळ्यातच आला आणि त्याचा नायक राजाच होता. १९१८ मध्ये त्यांनी नाशिकमध्ये कंपनी काढली आणि देवादिकांचे चित्रपट इथे बनू लागले. दुसरे दादासाहेब दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याची नाशिकमधली सगळी धुरा त्यांच्याकडे. बाबासाहेब मुंबईला, लंडनला, गोलमेज परिषदेला. इथे रोज माणसे जमवायची, तुकड्या करायच्या, चारही दरवाज्यांवर बसवायच्या, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी धान्य पोहोचते का पाहायचे, मुंबईला पत्रे लिहायची, हे काम गायकवाडांचे. बायाही बसल्या होत्या दरवाज्यांवर. उन्हात, दगड खात. पाच वर्षे.

१९३२ साली फाळक्यांच्या कंपनीने 'सेतुबंधन' बनवला. रामाचा समुद्रावरचा पूल. तेव्हा याच गावात रामाच्या देवळाचा दरवाजा आपल्याला बंद होता आणि बाहेर माणसे बसलेली होती. कॅमेरा मात्र तिकडे वळला नाही. तो वळला असता तर मोठ्या खर्चाचीही गरज नव्हती, हजारो माणसे फुकट उभी होती.

पोरांपैकी एकाने तिथे विचारले, "मग त्या सत्याग्रहात जिंकले कोण? दरवाजा तर उघडला नाही ना?" उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पाच वर्षे दरवाज्यावर बसलेल्या माणसांनी दरवाजाच सोडून दिला. हा शेवट कोणत्या मारामारीच्या सिनेमात बसवायचा, आम्हाला सांगता आले नाही. अंबडचा पोरगा मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाच वर्षं रोज कोण बसलं, त्यांची नावं आहेत का कुठं?" काहींची आहेत. पुष्कळांची नाहीत.

जयंती झाली. यंदाही डीजे होता, आम्ही तो बंद पाडायला गेलो नाही. पोरे सिनेमालाही जातातच, मेमध्ये 'मिशन इम्पॉसिबल' पाहून आली आणि साठीतला माणूस विमानाला लटकतो याचे कौतुक करत होती. आम्हीही गेलो होतो, चांगला आहे. पण विहाराच्या भिंतीवर आता एक कागद लावला आहे. जिल्ह्यात आपल्या माहितीतल्या सात प्रकरणांच्या तारखा, साक्षीदार किती, गाव किती लांब, भत्त्याचा अर्ज झाला की नाही. कागद अंबडच्या पोराने केला आहे, कंपनीतल्या शिफ्टच्या तक्त्यासारखा, रकाने आखून. अर्ज झाला तिथे निळी टिकली. सध्या तीन टिकल्या आहेत.

कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती, त्यामुळे सगळ्यांत जवळची तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली आहे. साक्षीदार दोघे, नवरा-बायको, गाव साठ किलोमीटरवर. सकाळी साडेआठला त्यांच्या दारात पोहोचायचे, दिवसभर त्यांच्याबरोबर बाकावर बसायचे आणि संध्याकाळी घरी सोडायचे. दोन मोटारसायकली ठरल्या आहेत, पण पाऊस लागला तर चारचाकी हवी. शिवाय बाकावर बसायला आणखी सात-आठ जण पाहिजेत. ज्यांना सुट्टी मिळेल त्यांनी विहारात येऊन कागदावर नाव लिहावे. डबा घरून आणावा.